सगळे समुद्र सारखेच लांब

भूगोलाच्या शिक्षकाने समुद्र पाहिलेला असलाच पाहिजे, असा काही नियम नाही. ज्वालामुखीच्या तोंडाशी उभा राहून आलेला एकही शिक्षक गुणवंत रेवतकर सरांच्या ओळखीत नव्हता, आणि तरी ज्वालामुखी दरवर्षी व्यवस्थित शिकवला जात होताच. त्यामुळे भरती-ओहोटीचा धडाही सर इतकी वर्षं बिनदिक्कत शिकवत आले. फळ्यावर चंद्र काढायचा, पृथ्वी काढायची आणि पृथ्वीच्या दोन्ही अंगांना निळ्या खडूने पाण्याचे फुगवटे काढायचे. सरांचे फुगवटे फार सुबक येत.

पण ऑगस्टमध्ये शहरातल्या शिक्षकांचं एक प्रशिक्षण झालं. विषय होता 'अनुभवातून भूगोल'. मार्गदर्शन करायला आलेल्या तरुण बाईंनी माईक हातात घेतल्या घेतल्या विचारलं, "समुद्र कोणी कोणी पाहिला आहे? हात वर करा." हॉलमधले हात भराभर वर गेले. सरांचाही हात सवयीने निम्मा वर गेला, मग त्यांना वस्तुस्थिती आठवली, आणि त्यांनी तोच हात तसाच वळवून डोकं खाजवलं. शेजारी बसलेल्या, त्यांच्याच शाळेतल्या चित्रकलेच्या शिक्षकाने ते बरोबर टिपलं.

"रेवतकर सर, तुम्ही समुद्र नाही पायला? भूगोलवाले असून?"

हे तो हळू बोलला असता, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

सर नागपुरात मनीषनगरला घरी आले ते तणतणतच. चपला काढायच्या आधीच त्यांनी जाहीर केलं, "दिवाळीत आपण समुद्रावर जाऊन राहिलो."

त्यांची बायको प्रेमिला घरी शिवणक्लास चालवायची. क्लासच्या बायका नुकत्याच गेल्या होत्या आणि ती मशीनखालच्या चिंध्या गोळा करत होती. मान वर न करता ती म्हणाली, "कोणत्या?"

या प्रश्नाची सरांनी तयारी केली नव्हती. अपमान झाला तेव्हा त्यांच्या मनात समुद्र एकच होता, मोठा आणि निळा. त्याला गाव-जिल्हा असतो, तिथे जायला गाडी बदलावी लागते, हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

"पुरीले जाऊ," प्रेमिलाच पुढे म्हणाली. "जगन्नाथही होते अन् समुद्रही होते. एका तिकिटात दोन्ही."

"मम्मी, पुरी काय? गोकर्ण!" आतून मिनल ओरडली. मिनल म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी. इंजिनीयर झाली होती, आणि दिवाळीनंतर बंगळुरूला नोकरीवर रुजू व्हायची होती. "माझ्या सगळ्या फ्रेंड्स जाऊन आल्या. एकदम शांत बीच आहे."

"रामेश्वर," दिवाणावर बसलेल्या भागीरथाबाई म्हणाल्या. या सरांच्या आई. सगळं आयुष्य नरखेड तालुक्यात संत्र्याच्या बगिच्यात गेलं. आता डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून लेकाकडे होत्या. "माह्या सासूले जायचं होतं रामेश्वरले. तिचं राहून गेलं."

सरांना स्वतःला कोकण हवं होतं. त्यांचं म्हणणं तत्त्वाचं होतं. "आपल्या राज्याचा एवढा लांब किनारा सोडून दुसऱ्याच्या समुद्रात काहून पाय बुडवाचे?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी शाळेतून भारताचा भिंतीवरचा नकाशा आणला. स्कूटरवर काखेत धरलेला नकाशा उड्डाणपुलावरच्या वाऱ्याने उलगडला आणि काश्मीरने मागच्या मोटरसायकलवाल्याच्या तोंडावर फटका मारला. पण ते असो. घरी भिंतीला नकाशा टांगून त्यांनी प्रेमिलाच्या रिळातला दोरा घेतला, एक टोक नागपूरवर दाबलं आणि दुसरं पुरीवर नेलं. मग मुंबईवर नेलं. मग विशाखापट्टणमवर. दोरा जवळजवळ तेवढाच. गोव्याला थोडा जास्त, पण भांडण मिटेल इतका नाही.

नागपूर देशाच्या मधोमध आहे, ही गोष्ट सर दरवर्षी वर्गात छाती पुढे काढून सांगत. आपल्या शहरापासून सगळा देश मोजला गेला, असं म्हणत. त्या संध्याकाळी हातात दोरा घेऊन उभं असताना त्यांना पहिल्यांदा वाटलं, की आपल्या पूर्वजांनी थोडं कडेला जाऊन राहायला काय हरकत होती? इथून सगळेच समुद्र सारखे लांब. कोणताही निवडला तरी बाकीच्यांवर अन्याय.

दार उघडंच होतं. वरच्या मजल्यावरचे नानाजी घाटोळे जिना उतरताना थबकले. नानाजी रेल्वेतून निवृत्त झाले होते आणि पासवर सगळा देश फिरून आले होते, त्यामुळे कोणत्याही गावाचं नाव घेतलं की ते त्या गावात आधीच जाऊन नाराज झालेले असत.

"काहून सर, शाळा घरीच भरवली का?" म्हणत ते आत आले आणि खुर्ची ओढून नकाशासमोर बसले.

सरांनी विषय सांगितला. नानाजींचा चेहरा एकदम उजळला.

"पुरी? पुरीच्या लाटेनं माह्यावाला चष्मा नेला. तिथंच आहे तो अजून."

"विशाखापट्टणम?"

"चांगलं आहे. पण तिथं काठावर पाणबुडी आणून ठेवली आहे. माणूस पाणबुडीच पाहात राहाते अन् समुद्र राहून जाते."

"कन्याकुमारी?"

"तिथं तं तीन समुद्र आहेत बाप्पा. कोणता पाहावा तेच समजत नाही."

"गोवा?" सरांनी विचारलं.

नानाजींनी स्वयंपाकघराकडे एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "वहिनीसोबत?"

ते गेल्यावर नकाशावर एकही किनारा शाबूत राहिला नव्हता. सरांनी मग जास्त लोकांचा सल्ला घ्यायचं ठरवलं, आणि इथे त्यांच्या हातून घोडचूक झाली. इमारतीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर त्यांनी शुद्ध मराठीत लिहिलं: 'दिवाळीच्या सुट्टीत सहकुटुंब जाण्यास योग्य असा समुद्रकिनारा सुचवावा.'

पहिला तास बरा गेला. मग कोणीतरी जेलीफिश चावलेल्या पायाचा व्हिडिओ टाकला. पहिल्या मजल्यावरच्याने अलिबाग सुचवलं, चौथ्या मजल्यावरच्याने 'अलिबागच्या पाण्यापेक्षा आपली टाकी स्वच्छ' असं लिहिलं आणि दीवची बाजू घेतली. अलिबाग आणि दीव यांच्यातला हा वाद बघता बघता पार्किंगवर आला, कारण दोघांचा मूळ वाद पार्किंगचाच होता. सोसायटीच्या सेक्रेटरी वंदनाताईंनी 'हा ग्रुप फक्त पाणी आणि लिफ्टसाठी आहे' अशी तंबी दिली. त्यावर चौथ्या मजल्यावरचा रागावून ग्रुपमधून बाहेर पडला, आणि घराला कुलूप लावून सासुरवाडीला निघून गेला. पाण्याच्या मोटरच्या खोलीची किल्ली त्याच्याकडे असायची, हे सगळ्यांना सकाळी कळलं.

त्या दिवशी सगळी इमारत खालच्या एकुलत्या नळावर बादल्या घेऊन उभी होती. सरही उभे होते. वंदनाताई रिकामी बादली सरकवत म्हणाल्या, "मिळाला का सर समुद्र?"

सरांचा निश्चय अशा प्रसंगी आणखी घट्ट होत असे. त्यांनी घरात निकाल दिला: कोकण. चर्चा बंद.

पण नागपूरहून कोकणात जाणं म्हणजे काय, हे ज्याने केलं त्यालाच ठाऊक. एक गाडी मुंबईच्या बाजूला नेते, दुसरी तिथून पुढे, मग बस, मग रिक्षा. आणि दिवाळीत यातली एखादी मिळते तेव्हा दुसरी मिळत नाही. सर वर्गात मुलांना नकाशा भरायला लावून टेबलाखाली फोनवर गाड्या बघू लागले. किराणा दुकानात डाळ तोलली जात असताना बघू लागले. जेवताना डाव्या हाताने बघू लागले.

तेव्हा प्रेमिलाचा भाऊ विक्की मदतीला धावला. विक्कीचं नरखेडला मोबाईलचं दुकान होतं, आणि ज्याच्या दुकानात इतके फोन आहेत त्याला काय अशक्य, असा त्याचा स्वतःबद्दल समज होता.

"भाऊजी, तुम्ही टेंशन घेऊच नका. फक्त कसं पाहिजे ते सांगा."

"सागरकिनारी पाहिजे," सर म्हणाले. "एकदम पाण्याले लागून. स्वच्छ. शांत."

"होऊन गेलं समजा."

आणि खरंच झालं. विक्कीने लॉजचा फोटो पाठवला. समोर निळंशार पाणी, दगडी पायऱ्या, एक रंगीत बोट, मागे मावळता सूर्य. सरांनी तो फोटो स्टाफरूममध्ये प्रत्येकाला दाखवला. चित्रकलेच्या शिक्षकाला दोनदा दाखवला. प्रेमिलाने मिनलसाठी फुलाफुलांचा सैल झगा शिवला. सरांनी गुडघ्यापर्यंतची एक चड्डी विकत घेतली आणि घरात घालून पाहिली. भागीरथाबाईंनी नव्या डोळ्यांनी नीट निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "गुणवंता, तुह्या बापाचेही पाय असेच होते गा. काड्या."

आठवडाभराने रेल्वेची तिकिटं आली. सरांनी ती नानाजींना दाखवली, कारण गाडी बरोबर आहे का हे रेल्वेच्या माणसाला विचारलेलं बरं. नानाजींनी नाकावर चष्मा चढवला, तिकिटं एकदा पाहिली, मग पुन्हा पाहिली.

"सर," ते म्हणाले, "कोकणाची गाडी भोपाळकडून काहून जाऊन राहिली?"

सरांनी तिथूनच विक्कीला फोन लावला.

"बरोबर आहे ना भाऊजी," विक्की म्हणाला. "तुम्हीच तं म्हणाले सागरकिनारी. सागर गावात आहे लॉज. नावही 'सागर किनारा'च आहे."

"सागर? मध्य प्रदेशातलं?"

"हो मंग. बीनाले गाडी बदलाची फक्त."

"विक्की, तिथं समुद्र नाही!"

मग विक्की समजुतीच्या सुरात म्हणाला, "तळं आहे भाऊजी. पण मोठं आहे. बोटी आहेत."

नानाजींना ही बातमी पोटात ठेवणं अवघड होतं, आणि त्यांनी तसा प्रयत्नही केला नाही. भूगोलाचा मास्तर समुद्र पाहायला मध्य प्रदेशात चालला, हे संध्याकाळपर्यंत तळमजल्यापासून गच्चीपर्यंत पोचलं. तिथून शाळेत कसं गेलं ते कळलं नाही. दुसऱ्या दिवशी स्टाफरूमच्या फळ्यावर मध्य प्रदेशाची बाह्यरेषा काढलेली होती आणि तिच्या बरोबर मध्यभागी निळ्या खडूने दोन फुगवटे काढलेले होते. सरांनी ते मुकाट्याने पुसले. मात्र फुगवटे आपल्याइतके सुबक नाहीत, एवढं त्यांनी पुसण्याआधी पाहून घेतलं.

तिकिटं रद्द झाली. आता नवीन कुठली मिळवायची या घाईत असतानाच शाळेत शिपायाने एक पाकीट आणून दिलं. स्थानिक निवडणुकीच्या कामासाठी सरांची नेमणूक झाली होती. पहिलं प्रशिक्षण दिवाळीआधी, दुसरं सुट्टी संपायच्या आत.

सर त्याच दुपारी निवडणूक कार्यालयात गेले. समोरच्या लिपिकाने विचारलं, "नाव काढाचं आहे? कारण?"

आजारपण सांगावं असं सरांना वाटलं होतं, पण खोटं बोलायची सवय नसल्याने तोंडातून निघालं, "समुद्र."

लिपिकाने पेन खाली ठेवलं. "कोणता?"

"ठरलं नाही अजून."

"मुरूडले जा सर."

"कोणतं मुरूड?" शेजारच्या टेबलावरून आवाज आला. "दापोलीवालं का जंजिऱ्यावालं?"

"जंजिऱ्यावालं."

"छ्या! जायचं तं दापोलीवालंच."

बघता बघता चार टेबलं सरांच्या भोवती जमली. कोणी मासे कुठे चांगले ते सांगू लागलं, कोणी म्हाताऱ्या माणसाला कुठे चढ लागत नाही ते. गलका ऐकून आतले साहेब बाहेर आले. त्यांना विषय समजला तेव्हा त्यांचाही चेहरा सैल झाला. त्यांची सासुरवाडी मालवणची निघाली. त्यांनी स्वतःच्या हाताने सरांना तारकर्लीचा रस्ता कागदावर काढून दिला. इतकं सौजन्य सरांनी कुठल्याच कार्यालयात अनुभवलं नव्हतं. धीर करून ते म्हणाले, "मग साहेब, माझं नाव...?"

"नाव निघत नाही सर," साहेब म्हणाले. "पण गेले तं तारकर्लीलाच जा."

आता मधे उरले भाऊबीजेनंतरचे थोडेसे दिवस. तेवढ्यात जाऊन यायचं. कोकण तर सुटलंच, पण जिथे एका गाडीने जाता येतं तिथल्याही सगळ्या गाड्या भरलेल्या. सर घरात येरझारा घालू लागले. बाल्कनीत जायचे, आत यायचे, नकाशासमोर उभे राहायचे, फोन काढायचे, पुन्हा बाल्कनीत. भागीरथाबाईंची मान त्यांच्याबरोबर इकडून तिकडे फिरायची.

"बस गा एका जागी," त्या शेवटी म्हणाल्या. "मले गरगरून राहिलं."

दिवाळी तोंडावर आली तेव्हा सरांनी हात टेकले. "समुद्र रद्द," ते म्हणाले. "आपण चौघं इथल्या फुटाळा तलावावर जाऊ. मक्याचं कणीस खाऊ. शेवटी पाणी ते पाणीच."

मशीनची खडखड थांबली. प्रेमिलाने सुईखालचा कपडा बाजूला काढला आणि ती वळून बसली.

"एक सांगा मले. तुम्हाले समुद्र पाहाचा आहे, का आपण कोणता पायला हे लोकायले सांगाचं आहे?"

सरांनी भिंतीवरच्या नकाशाकडे पाहिलं.

"मी पुरी म्हटलं, तं तुम्ही दोरा मोजत बसले. मिनलनं गोकर्ण म्हटलं, तं तुम्ही त्या नानाजीले विचारलं. आई एकदाच बोलल्या, नंतर बोलल्याच नाही. पोरगी बंगलोरले जाऊन राहिली. मंग लग्न होईन, तिचं घर होईन. आपण चौघं एका गाडीत पुन्हा कधी बसू सांगा. मले समुद्राचं काही नाही हो. समुद्र कुठं पळून चालला? पोरगी चालली."

आत मिनलच्या फोनवर काहीतरी वाजत होतं, ते थांबलं.

प्रेमिला उठली, पर्समध्ये चौघांची आधारकार्डं टाकली आणि चपला घातल्या. सरही उठले.

"तुम्ही घरीच राहा," ती म्हणाली. "तुम्ही आले तं खिडकीवरच्या माणसालेही सल्ला मागसान."

ती अजनी स्टेशनवर गेली. सर बाल्कनीत उभे राहिले, मग बसले, मग पुन्हा उभे राहिले. आपण इतके दिवस घरासाठीच धडपडत होतो अशी त्यांची ठाम समजूत होती. मग हे ऐकून घ्यावं लागल्यावर राग यायला हवा होता. तो येत नव्हता, आणि त्यामुळे त्यांना जास्तच अस्वस्थ वाटत होतं.

दुपार कलताना प्रेमिला परत आली आणि तिने तिकिटं टेबलावर ठेवली.

"मिळाली. रांगेत माह्यामागं एक तेलुगू बाई होती. इथंच राहाते, दिवाळीले माहेरी जाऊन राहिली. म्हटलं, बाई, तुमच्याकडं समुद्र आहे का? तं म्हणे, घराजवळच आहे. तिथल्या जागा विचारल्या, तं निघाल्या चार."

"कुठलं गाव?"

"चिराला."

सर नकाशाकडे गेले. आंध्रच्या किनाऱ्यावरून त्यांनी वरून खाली बोट फिरवलं, मग खालून वर फिरवलं. चिराला नव्हतं. इतकी वर्षं भूगोल शिकवणाऱ्या माणसाच्या घरात, ब्लाउजं शिवणाऱ्या बाईने नकाशात नसलेला समुद्र शोधून आणला होता.

जिन्यात नानाजी भेटले. "काय सर, कुठं ठरलं?"

"चिराला."

नानाजींनी तोंड उघडलं. काही वेळ ते तसंच राहिलं. मग त्यांनी ते मिटलं. "चिराला..." ते म्हणाले, "नाही पायलं बा." आणि कठडा धरून हळूहळू वर निघून गेले.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी चौघं गाडीत बसले. बल्लारशानंतर जंगल लागलं, मग अंधार झाला, आणि सकाळी बाहेर गोलगोल अक्षरांची स्टेशनं आणि ताडाची झाडं दिसू लागली. आकाश मात्र शाईसारखं झालं होतं. चिराल्याला उतरले तेव्हा पाऊस कोसळत होता. लॉजवाल्याने तेलुगूत बरंच काही सांगितलं आणि शेवटी दोन्ही हात गोल गोल फिरवून दाखवले. त्यातलं मिनलने फोनवर बघून समजावलं: बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा होता. किनाऱ्याकडे जाणारा रस्ता पोलिसांनी दोरी लावून बंद केला होता.

सर खिडकीशी उभे राहून पुटपुटले, "ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये या किनाऱ्यावर वादळं येतातच. दरवर्षी येतात."

प्रेमिला ओले केस पुसत होती. टॉवेल तसाच डोक्यावर ठेवून तिने विचारलं, "हे तुम्हाले माहीत होतं?"

"म्हणजे काय? परीक्षेत विचारतो मी."

"मंग?"

"शिकवताना असं थोडंच वाटते," सर खालच्या आवाजात म्हणाले, "की ते आपल्यालाच येऊन लागन."

पूर्ण दिवस लॉजच्या व्हरांड्यात गेला. नारळाच्या झाडांपलीकडून समुद्राचा आवाज येत होता, दूरवरून न थांबता मालगाडी जात राहावी तसा. दिसत काहीच नव्हतं. नागपूरहून नानाजी वादळाचे नकाशे पाठवत होते. चिराल्यात काय खराब आहे हे अखेर त्यांना सापडलं होतं. सर व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होते. मात्र आत चौघांसाठी असलेल्या एकाच पलंगावर भागीरथाबाई, प्रेमिला आणि मिनल पत्ते खेळत बसल्या होत्या, आणि भागीरथाबाई उघड उघड पत्ते चोरत होत्या. मिनलचं हसणं बाहेर ऐकू येत होतं. सर चालता चालता एकदा दारात थांबले, आणि जरा जास्तच वेळ थांबले.

परतीची गाडी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होती. ती चुकवून भागणार नव्हतं, कारण निवडणूक सरांसाठी थांबणार नव्हती. दुपारी पाऊस ओसरला. थोड्या वेळाने ऊन पडलं आणि पोलिसांनी दोरी काढली. सरांनी सामानासकट सगळ्यांना रिक्षात कोंबलं.

"लवकर, लवकर. पाहाचं, फोटो काढाचा अन् निघाचं."

रिक्षा वळली, झाडं संपली, आणि समोर तो होता.

निळा नव्हता. मातकट, फेसाळ आणि इतका रुंद की सरांना तो पाहायला मान दोन्हीकडे फिरवावी लागली. फळ्यावर तो चंद्राच्या बाजूला एका फुगवट्यात मावत असे. मिनलने फोन काढला होता, तो तिने तसाच हातात धरून ठेवला.

भागीरथाबाई चपला काढून वाळूतून सरळ चालत गेल्या, पाणी पायाला लागलं तशा थांबल्या, वाकल्या आणि ओंजळभर पाणी तोंडात घेऊन थुंकल्या.

"खारट आहे वं प्रेमिला!" त्या म्हणाल्या. भाजीत कोणी चुकून दोनदा मीठ टाकावं, तसा सूर होता. मग त्यांनी दूरवर नजर टाकली. "एवढं पाणी! अन् संत्र्याच्या एका झाडाच्या कामाचं नाही."

आता सरांना राहवलं नाही. हा त्यांचा विषय होता. ते समुद्राकडे पाठ करून तिघींसमोर उभे राहिले, हात वर केले आणि म्हणाले, "त्याचं कारण असं, की नद्या येताना सोबत क्षार..."

क्षार तिथेच राहिले. मागून आलेली लाट सरांच्या गुडघ्यांत बसली आणि सर हात वर केलेल्या अवस्थेतच आडवे झाले. पाणी ओसरलं तेव्हा ते वाळूत बसलेले होते, कानात रेती, आणि चेहऱ्यावर वर्गात कोणीतरी मागून खडू मारल्यासारखा भाव. मिनल पोट धरून खाली बसली. प्रेमिला हसता हसता लेकीच्या खांद्यावर रेलली आणि हसणं संपल्यावरही तिने तो खांदा सोडला नाही. मिनलनेही सोडवून घेतला नाही.

सर उठले, कपडे झटकले, त्याने काही झालं नाही.

"चला," ते म्हणाले. "गाडी आहे. चाल आई."

भागीरथाबाई ओल्या वाळूवर पाय पसरून बसल्या होत्या. "थांब गा. एक येऊन राहिली."

ती आली, त्यांच्या पायांवरून गेली, फेस ठेवून परतली.

"झालं आता. चाल."

"अजून एक येऊन राहिली."

"आई, ती येतच राहाते!" सर वैतागून म्हणाले. "ती काही संपत नाही."

भागीरथाबाईंनी मान वर करून लेकाकडे पाहिलं. हे त्यांना खरोखरच माहीत नव्हतं.

"संपत नाही?"

"नाही."

"रातीही येते?"

"रातीही येते. कोणी पाहात नसलं तरी येते."

त्यांनी थोडा विचार केला. मग शेजारच्या वाळूवर हाताने थोपटलं.

"मंग बस ना बापा. घाई काहून करून राहिला?"

सरांनी तोंड उघडलं. गाडी, प्रशिक्षण, रिक्षा, सगळं सांगण्यासारखं होतं आणि सगळं खरं होतं. ते आईशेजारी बसले. प्रेमिला येऊन त्यांच्या पलीकडे बसली, आणि मिनल दोघांच्या मधे जागा करून घुसली, लहानपणी स्कूटरवर घुसायची तशी.

वर रस्त्यावरून रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला. थोड्या वेळाने त्याने तो पुन्हा, जरा जास्त वेळ वाजवला.

पुढची लाट अजून लांब होती. चौघं तिची वाट पाहत बसले.